हिमनदीच्या तोंडावर खूण ठेवू नकोस

अनेक आशीर्वाद.

पूर्व ग्रीनलंडमधल्या तासिलाक गावाच्या जुन्या नकाशाची फाइल पाहिली. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायच्या, म्हणजे जुळवणीच्या खुणांपैकी तीन तू हिमनदीच्या तोंडावर ठेवल्या आहेस. त्या आधी काढ. हिमनदीचं तोंड मागेपुढे सरकतं, मग अख्खा नकाशा ओढला जातो आणि दोष आपण जुन्या मोजणीदारांच्या माथी मारतो. मी हेच करून पंधरा दिवस त्यांना शिव्या घालत बसलो होतो. खूण उघड्या कातळावर ठेव: शिखर, बेटाचं टोक.

दुसरं, नकाशा काढणारा उभा कुठे होता ते विचार. डॅनिश नौदलाचा गुस्ताव होल्म पूर्व ग्रीनलंडच्या या भागात १८८४ मध्ये पोचला तो उमियाकमधून, म्हणजे बायका वल्हवायच्या त्या कातडी नावांतून. नावेतून भूशिरं दिसतात, फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीचं, पोट दिसत नाही.

तिथेच उमिविकच्या कुनित नावाच्या इनुइट माणसानं होल्मला लाकडात कोरलेले किनारे दिले. एका तुकड्यावर मुख्य भूमी: कड एका बाजूनं वर जाते, टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं खाली येते, किनारा मात्र अखंड. दुसऱ्यावर बेटं. बर्फानं पाणी अडलं की कयाक, म्हणजे एकट्याची छोटी कातडी होडी, उचलून कुठून न्यायची, तेही त्यात आहे. अंधारात हातमोज्यात धरून लोक हे तुकडे चाचपत, ही गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. प्रमाण शोधायला जाशील तर फसशील. त्यात क्रम बघायचा, कुठल्या फ्योर्डनंतर कुठला.

१९३२-३३ मध्ये डॅनिश मोजणीदारांनी समुद्री विमानातून हा किनारा तिरपा टिपला. तेच फोटो पुढे अभ्यासकांनी बाहेर काढले आणि २०१२ मध्ये १३२ हिमनद्यांची मागेपुढे झालेली हालचाल त्यांवरून मोजली. तुझ्या तीन खुणा का नकोत, ते आता कळलं असेल.

नावांकडेही लक्ष दे. आंगमाग्सालिक, अम्मासालिक, तासिलाक: गाव एकच. १९७३ मध्ये ग्रीनलंडी लेखनपद्धती बदलली, पुढे गावाचं नावच बदललं. म्हणून प्रत्येक नावापुढे नकाशाचं वर्ष लिही. जुनं नाव खोडू नकोस.

पुढच्या वेळी नुसतं चित्र नको, खुणांचा तक्ताही जोड. प्रत्येक खुणेपुढे लिही: कातळ, वाळू की बर्फ.