आर्णीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या आईला दातांचा फिक्स ब्रिज (बाजूच्या दातांवर कॅप घालून त्यांना जोडलेला खोटा दात) बसवला. आधी खूश होती, आता तोंडाला वास येतो, हिरडी सुजते. ब्रिज खराब निघाला का?

आधी ब्रिज हलतो का ते बघा. हलत असेल तर आतलं सिमेंट सुटलं असेल. मग दाताच्या डॉक्टरांना दाखवायला थांबू नका, कॅपखालचा आधाराचा दात आतल्या आत किडतो आणि त्याचं रूट कॅनाल झालेलं (आतली नस काढलेली) असेल तर दुखतही नाही.

हलत नसेल तर बहुतेक वेळा कारण खाली अडकलेलं अन्न असतं. कॅप किडत नाही, पण तिची कड हिरडीजवळ टेकते तिथला दात किडतो. ब्रिजचे दात जोडलेले असल्याने साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) वरून जात नाही. कडक टोकाचा सुपरफ्लॉस किंवा दातांच्या फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश बाजूने, खोट्या दाताखालून ओवून फिरवायचा, रोज रात्री जेवणानंतर. पहिल्यांदा भाकरीचा कुजलेला चोथा निघेल, थोडं रक्तही येईल. घाबरून सोडू नका, सूज उतरली की रक्त कमी होतं. हे ब्रिज बसवतानाच आरशासमोर करून दाखवायला हवं. खेड्यातल्या कितीतरी बायकांना कोणी दाखवतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

आई गुडाखू घासत असतील तर बंद करायला लावा. त्यात तंबाखू असतो, हिरड्या मागे सरकतात. खर्ऱ्याचंही तेच.

पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर एक्स-रे काढा. यवतमाळला नाही जमलं तर वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.