तोंडी ‘नाही’ घेऊन घरी येऊ नका

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, नांदेडच्या खासगी डॉक्टरांची फी आणि गोळ्यांचा खर्च झेपेना, घरात आयुष्मान कार्ड पडून आहे; तर हे कार्ड घेणारा मानसोपचारतज्ज्ञ नांदेड-लातूरकडे कोण, असं तुम्ही विचारलंय. मागे भावाला दोन आठवडे ॲडमिट केलं तेव्हा सोयाबीन विकून भरलेले सत्तर हजार परत मिळतील का, हा दुसरा प्रश्न. तुमचं गाव आणि जिल्हा छापत नाही. परभणीपासून धाराशिवपर्यंत हेच पत्र नावं बदलून येत असतं, त्यामुळे कुणाचं काही अडणारही नाही.

कार्ड घेणारा क्लिनिकवाला शोधणं आधी थांबवा. आयुष्मान भारत असो की महात्मा फुले जनआरोग्य योजना, पैसे मिळतात ते यादीतल्या रुग्णालयात ॲडमिट झाल्यावर, ठरलेल्या उपचारासाठी. महिन्याची तपासणी आणि चिठ्ठीवरच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. डॉक्टर कार्ड बघून हात झटकतात ते कायद्याला धरूनच आहे, त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. ॲडमिट करायची वेळ आलीच तर 155388 वर फोन करून एकच विचारा: या रुग्णालयात योजनेखाली मानसोपचार हा विभाग आहे का? दारावरची योजनेची पाटी पाहून आत जाऊ नका. हाडांसाठी यादीत असलेलं रुग्णालय मनाच्या आजारासाठी असेलच असं नाही, आणि मानसिक आजारांचे उपचार या योजनांत बहुतांशी सरकारी रुग्णालयांकडेच राहिले आहेत. मराठवाड्यात म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, नांदेडचं विष्णुपुरी किंवा लातूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय.

सत्तर हजारांबद्दल खोटी आशा लावत नाही. योजना कॅशलेस आहे. आधी मंजुरी, मग उपचार. रोख भरून नंतर कार्ड पुढे केलं तर परतावा जवळपास नाहीच. एक फट आहे: ते रुग्णालय तेव्हा मानसोपचारासाठी यादीत होतं आणि कार्ड दाखवूनही रोख मागितली, असं असेल तर योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे तक्रार करता येते. पण तुमच्याकडे ना पक्कं बिल, ना डिस्चार्ज कार्ड. ‘डॉक्टर ओळखीचे होते म्हणून मागितलं नाही’ असं लिहिलंय तुम्ही. अडतीवर पोतं टाकून काटापट्टी न घेता कधी घरी आलात का? मग इथंच ओळख कशी पुरली? असो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 च्या कलम 25 खाली रुग्णाला आपले मूलभूत वैद्यकीय कागद मिळवण्याचा हक्क आहे. रुग्णालयाला लेखी अर्ज करा आणि कागद मागवून घ्या. पुढे लागणारच आहेत.

आता ज्यावर सगळं ठरणार आहे, त्या गोष्टीकडे येतो. पत्रात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की दोनदा जिल्हा रुग्णालयात गेलो, ‘मानसोपचारवाले साहेब नाहीत, नांदेडला न्या’ असं सांगितलं, म्हणून परत आलो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच, आणि त्याचा एकही कागद तुमच्यापाशी नाही.

त्याच कायद्याचं कलम 18 बघा. मानसिक आरोग्यसेवा प्रत्येक जिल्ह्यात सरकारने दिली पाहिजे. किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर रुग्णाला जिल्ह्यातली दुसरी सेवा घेण्याचा हक्क आहे आणि तिथल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असं पोटकलम 5 म्हणतं. यात कार्डाचा संबंधच नाही. अट एवढीच की सेवा ‘उपलब्ध नाही’ हे सिद्ध व्हावं लागतं, आणि ते खिडकीवरच्या माणसाच्या बोलण्यातून होत नसतं.

म्हणून या आठवड्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा अर्ज लिहा. भावाचं नाव, आजार, कोणत्या तारखांना गेलात, काय सांगितलं गेलं. मग थेट विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, ॲडमिट करण्याची सोय आहे का, गोळ्या आहेत का, नसतील तर कलम 18(5) प्रमाणे खर्च कोण देणार? बारनिशीत, म्हणजे आवक-जावक कक्षात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. घेत नाहीत म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: मानसोपचारतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे की रिक्त, आणि कधीपासून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘आहेत’ म्हणाले तर भावाचे उपचार तिथेच सुरू करा. ‘नाहीत’ म्हणाले तर तुमचा दावा उभा राहिला.

इथे एक खुंटी आहे, ती लपवत नाही. कायद्याचे शब्द ‘त्या जिल्ह्यातील’ असे आहेत. तुम्ही जिल्हा ओलांडून नांदेडला जाता. त्या खर्चाची मागणी करता येईल, पण सरकारी वकील याच शब्दावर बोट ठेवणार. तुमच्याच जिल्ह्यात ॲडमिट करण्याची सोय असलेलं खासगी मानसोपचार रुग्णालय असेल तर पुढचे उपचार तिथे घेणं दाव्याच्या दृष्टीने सरळ. नुसत्या बसणाऱ्या डॉक्टरांच्या ओपीडीबद्दल मी छातीठोक सांगणार नाही.

गोळ्यांचं मात्र स्पष्ट आहे. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी ठिकाणी मोफत मिळायला हवीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात भांडू नका, ग्रामीण रुग्णालयात जा. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. औषध नसेल तर ‘नाही’ हे तिथेही लेखी मागा. आणि पैसे नाहीत म्हणून गोळ्या मनानेच अर्ध्या करण्याचा जो उद्योग तुम्ही केलाय, तो आजच थांबवा. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर बोला, मराठीत बोलतात.

अर्जावर सही कुणाची, हा घोळ टाळा. भाऊ बरा असतो त्या दिवशी कोऱ्या कागदावर ‘माझा नामनिर्देशित प्रतिनिधी (म्हणजे त्याच्या वतीने बोलणारा माणूस) अमुक’ असं लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्या. कलम 14 ला तेवढं पुरतं. स्टॅम्प पेपर, नोटरी यांवर खर्च करू नका.

सेतूवाल्याने सुचवलेली ‘निरामय’ योजना भावाला लागू नाही. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता अशांसाठी आहे. मेहुण्यांनी सुचवलेली खासगी पॉलिसी घेता येईल, कारण कलम 21(4) मुळे विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. फक्त आधीपासूनच्या आजाराला थांबण्याचा काळ असतो आणि आजार लपवलात तर दावा गेला म्हणून समजा.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका टाकू का, असंही विचारलंय. इतक्यात नाही. 2017 चा हा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला आणि महाराष्ट्रात त्याखालची, रुग्णांच्या तक्रारी ऐकणारी पुनर्विलोकन मंडळं उभी करायला उच्च न्यायालयाला सरकारच्या मागे लागावं लागलं. त्यावरून वेगाचा अंदाज घ्या. शिक्क्याची प्रत नसताना गेलात तर पहिल्याच तारखेला ‘आधी अर्ज केला होता का’ एवढंच विचारून परत पाठवतील. कागद हातात आले की जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे तिथे जा. कलम 27 प्रमाणे तुमच्या भावाला वकील फुकट मिळतो, माझ्यासारख्या वकिलाची फी भरायची गरज नाही. जाताना मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स न्या.