दवाखान्यात भागीदारी घ्यावी का?

प्रश्न: मी पुण्यात पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात पगारावर पशुवैद्यक आहे. मालक डॉक्टर ३० लाखांत ४० टक्के भागीदारी देताहेत. घ्यावी का?

उत्तर: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि बँक खात्याचे उतारे मागा. ‘वरची रोख वेगळी’ असं सांगतील. ती किमतीत धरू नका. नफ्यातून मालकांच्या स्वतःच्या कामाचा पगार वजा करा, बहुतेकजण इथेच फसतात. समजा, नफा २४ लाख आणि पगार १२ लाख. उरलेल्या बारातला तुमचा वाटा ४ लाख ८० हजार. म्हणजे पैसे फिटायला सव्वासहा वर्षं, तीही व्याज आणि कर न धरता. आम्हाला किंमत चढी वाटते.

जागेचा करार ११ महिन्यांचा आणि मालकांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर आधी तो बदलून घ्या. एक्स-रे यंत्र असल्यास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना तपासा.

तुमचे ३० लाख दवाखान्याच्या खात्यात जाणार की डॉक्टरांच्या खिशात, हे लेखी हवं. भागीदारीत पुढच्या कर्जांना तुमचं घरही जबाबदार धरलं जातं. बाहेर पडताना वाट्याची किंमत कशी काढायची, ते सूत्र करारातच घाला आणि भागीदारी नोंदवून घ्या. नोंदणी नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही.