पॅकेट लहान केल्यावर नेमके काय घटते: 'क्षमता', 'वेग' की 'वहन'?

मुंबईतील एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या वाचकांनी विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे तयार करताना पडलेली शंका विचारली आहे. 'पॅकेटचा आकार लहान केल्यास लिंकची क्षमता घटते' हे वाक्य बरोबर आहे का, आणि 'क्षमता'ऐवजी 'वेग' लिहावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून एका वेळी पाठवला जाणारा माहितीचा तुकडा, आणि लिंक म्हणजे दोन यंत्रांना जोडणारी वाट.

माझ्या मते या वाक्यातील 'क्षमता' चुकीच्या जागी आली आहे, आणि 'वेग' घातल्यास गोंधळ आणखी वाढेल. लिंकची क्षमता म्हणजे तिच्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जाऊ शकतात तो आकडा. एक गिगाबिट इथरनेटच्या (संगणक जोडण्याच्या एका रूढ पद्धतीच्या) लिंकवर तो १०० कोटी असतो आणि पॅकेट लहान असो वा मोठे, तेवढाच राहतो. वेगाचे म्हणाल, तर प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, आणि त्या धावण्याशी पॅकेटच्या लांबीचा काहीच संबंध नाही.

घटतो तो १०० कोटींपैकी आपल्या मजकुराच्या वाट्याला येणारा भाग. इथरनेटवर पॅकेट ज्या वेष्टनात घालून पाठवतात त्याला फ्रेम म्हणतात, आणि प्रत्येक फ्रेमबरोबर ३८ बाइटांचा (एक बाइट म्हणजे ८ बिट) ठरलेला खर्च येतो: आरंभीचा सूचक संकेत ८, फ्रेमचे हेडर, म्हणजे पत्ते वगैरे असलेला सुरुवातीचा भाग, १४, शेवटची तपासणी ४ आणि पुढच्या फ्रेमपूर्वी सोडायची मोकळी जागा १२ बाइटांएवढी. आयपी आणि टीसीपी या इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याच्या नियमसंचांची हेडरे किमान ४० बाइट घेतात, ती निराळीच. नेहमीच्या सर्वांत मोठ्या, म्हणजे १५०० बाइटांच्या पॅकेटात त्यामुळे १४६० बाइट मजकूर मावतो आणि लिंकवर १५३८ बाइटांची जागा खर्ची पडते. सेकंदाला सुमारे ९४ कोटी ९० लाख बिट मजकूर पोहोचतो. सर्वांत लहान फ्रेम मात्र ८४ बाइटांची जागा घेते आणि तिच्यात ६ बाइट मजकूर बसतो, म्हणून तीच लिंक पूर्ण भरून वाहत असतानाही जेमतेम ७ कोटी १४ लाख बिट हाती लागतात.

मुंबईकरांना हे लोकलवरून चटकन पटेल. दोन गाड्यांमध्ये राखायचे अंतर गाडी ९ डब्यांची आहे की १५ डब्यांची यावर फारसे अवलंबून नसते, म्हणून तासाला तेवढ्याच गाड्या सोडूनही १५ डब्यांच्या गाड्यांतून अधिक प्रवासी जातात. रेल्वेतही मार्गाची क्षमता गाड्यांच्या संख्येत मोजतात आणि प्रवासी वहनक्षमता वेगळी धरतात. हाच भेद आपल्या परिभाषेत आणावा असे मला मनापासून वाटते: लिंकच्या मर्यादेला 'क्षमता' म्हणावे, प्रत्यक्षात वाहून नेल्या जाणाऱ्या बिटांच्या दराला, ज्याला अभियंते थ्रूपुट म्हणतात, 'वहन' म्हणावे, आणि हेडर वगळून उरणाऱ्या मजकुराच्या दराला 'निव्वळ वहन'.

यावरून पॅकेट शक्य तितके मोठेच असावे, असा समज टिपणांतून होऊ देऊ नये. इंटरनेटवरील संभाषणात आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाठवण्याची पद्धत रूढ आहे. सेकंदाला ६४,००० बिटांच्या आवाजासाठी हेडरांसकट इथरनेटवर ९५,२०० बिट खर्च होतात, तरीही ही उधळपट्टी पत्करतात, कारण मोठे पॅकेट भरेपर्यंत थांबले तर बोलणे उशिरा पोहोचते. सावकाश लिंकवर तर एका मोठ्या पॅकेटामागे इतरांना ताटकळावे लागते: एक मेगाबिटच्या लिंकवर १५०० बाइट चढवायलाच १२ मिलिसेकंद लागतात.

आणखी एक दुरुस्ती सुचवतो. मराठीत 'आकार' म्हणजे प्रामुख्याने घडण, रूप. चौकोनी आकार, गोल आकार. किती मोठे हे सांगायचे असेल तेव्हा 'आकारमान' लिहावे, आणि येथे बाइट एकापुढे एक जात असल्याने 'लांबी' हा शब्द त्याहूनही चपखल आहे. 'पॅकेट' आणि 'लिंक' मात्र तसेच ठेवावेत. 'दुवा' म्हटले की आज वाचकाला संकेतस्थळाचा पत्ता आठवतो.

तेव्हा वाक्य असे करता येईल: 'पॅकेटची लांबी कमी केल्यास लिंकची क्षमता तीच राहते, पण निव्वळ वहन घटते.' राउटरविषयी लिहिताना मात्र 'क्षमता' वापरायला हरकत नाही, फक्त ती कशात मोजली हे सोबत सांगावे. गिगाबिट लिंकवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ येऊ शकतात, तर सर्वांत मोठ्या, म्हणजे १५०० बाइटांचे पॅकेट, हेडर आणि तपासणी मिळून १५१८ बाइटांच्या सुमारे ८१,२७४. आणि प्रत्येक पॅकेटाचा पत्ता पाहून त्याची वाट ठरवणारे हे यंत्र बिटांची मर्यादा गाठण्यापूर्वीच पॅकेटांच्या संख्येपुढे थकू शकते.