जुनं सेसना घेतोयस तर आधी एएमई बघ

भावा, जुनं सेसना १७२, म्हणजे चार सीटचं छोटं विमान, घ्यायचं ठरवलंयस हे लई भारी, पण विमानाआधी माणूस बघ, म्हणजे एएमई, विमानाची देखभाल करणारा लायसन्सवाला इंजिनिअर, कारण काम झाल्यावर सही त्याची पडते आणि उद्या काही झालं तर डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) त्याच्या लायसन्सला हात घालणार, त्यामुळं "साहेब, एवढं चालवून घ्या की" असं त्याला कधीच म्हणायचं नाही. तो नाही म्हणाला की विषय संपला.

तक्रार नीट सांग. "इंजिन जरा रफ वाटतंय" यातनं त्याला काय कळणार? कुठल्या मॅग्नेटोवर (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, असे दोन असतात) आरपीएम किती पडला, इंजिन गरम होतं का थंड, ऑइल प्रेशर किती होतं, सगळं तिथंच लिहून ठेव. ऑइल बदलताना स्वतः हजर राहा, फिल्टर कापला की त्याच्या घड्या उलगडून धातूचा चमकणारा कण (आत झीज होत असल्याची खूण) दिसतोय का ते दोघांनी मिळून बघा, मला तर शिकायला सगळ्यात जास्त ह्यातनंच मिळतं.

आणि आपल्याकडचा पाऊस! कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर विमान जुलैभर नुसतं उभं राहिलं आणि इंजिन लायकमिंग कंपनीचं असलं तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गंजू शकतो, तो क्रँकशाफ्टच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो आणि तेल खाली उतरून जातं. जमिनीवरच थोडा वेळ स्टार्ट करून बंद केलंस तर आत उलट ओल साठते, तेव्हा पावसाआधीच एएमईला विचारून प्रिझर्वेशन, म्हणजे उभ्या इंजिनाला गंज लागू नये म्हणूनची तयारी, करून घे.

पैसे त्याच दिवशी देत जा, आणि स्वस्तात मिळाला म्हणून बिनकागदाचा पार्ट त्याच्या हातात ठेवू नको, चांगला एएमई तो बसवणारच नाही.