दगड आंधळा नसतो

प्रिय मुली,

आजीच्या वॉर्डातून परतल्यावर 'वाईट म्हणजे नुसता अभाव' हे वाक्य निर्लज्ज वाटलं, म्हणून प्रबंधाचा विषय बदलायचाय, असं लिहिलंस. बदल हवा तर. पण हे 'नुसता' तू कुठून आणलंस? तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्विनास असं म्हणतच नाही. त्याच्या 'सुम्मा' या ग्रंथाच्या पहिल्या भागातला ४८वा प्रश्न पुन्हा काढ. दगडाला दिसत नाही, त्यात वाईट काही नाही, कारण बघणं दगडाच्या स्वभावातच नाही. प्राण्याला दिसेनासं झालं तर मात्र ते वाईट. अभाव वेगळा, उणीव वेगळी. जे असायलाच हवं होतं ते नसणं, ही उणीव.

हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आणि घरी मातीत घातलं. आईची नजर जात होती तेव्हाची गोष्ट. खिडकीशी बसून, दोरा ओठांत ओला करून ती बोटाने सुईचं नेढं चाचपत होती. मी शहाणपणा केला, "वाईटाला स्वतःचं अस्तित्वच नसतं, आई." ती म्हणाली, "नसतं कसं रे? मला तर रोज भेटतं." मी चिडून उठून गेलो. सिद्धान्त चुकीचा नव्हता, हे आजही म्हणेन. पण मी तो अर्धाच सांगितला. नजर ही तिची हक्काची होती, म्हणूनच तिचं जाणं एवढं बोचत होतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आणि निर्लज्ज कुणाला म्हणतेस? रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने इ.स. ५२४च्या सुमारास 'वाईट म्हणजे काहीच नाही' असं लिहिलं ते तुरुंगात, मृत्युदंड समोर असताना. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन तर आधी नऊ वर्षं मानी पंथात, वाईट ही स्वतंत्र शक्ती मानत होता. पुढे त्याला दिसलं, की जे बिघडू शकतं ते मुळात चांगलं असतं. नाहीतर बिघडायला उरतंच काय? आधी चांगलं, मग त्याची उणीव. हा क्रम सोडू नकोस.

आपल्या 'सत्' शब्दात असणं आणि चांगलं असणं दोन्ही आहे, त्यामुळे तुला हे लवकर उमगेल. पण म्हणून अक्विनासला वेदान्ती करू नकोस. त्याचा देव शून्यातून जग निर्माण करतो, जगाचं चांगुलपण त्या देवाकडून आलेलं आहे.

शेवटच्या आठवड्यात आजी तुझं नाव विसरली, असं लिहिलंस. दगडही तुझं नाव घेत नाही. प्रकरण तिथून सुरू कर आणि मंगळवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर