पीयूसी नापास : आधी आकडे वाचा, मग पार्ट बदला

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. पंधरा वर्षे झाल्यावर तिची पुनर्नोंदणी करून घेतली. या वेळी मात्र ती पीयूसी चाचणीत नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड १.९ टक्के आणि हायड्रोकार्बन ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असे आकडे आले. गॅरेजवाले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा भाग) बदलायला सांगतात, तर एक ओळखीचे गृहस्थ गाडी न नेताच प्रमाणपत्र आणून देतो म्हणतात. वर्षभरात ॲव्हरेजही उतरले आहे. गेल्या उन्हाळ्यात इंजिन तापत होते, त्याचे काम करून घेतल्यापासून ती तक्रार राहिलेली नाही. आता काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण दोन्ही आकडे कळवलेत हे फार बरे केलेत, कारण निदानाची निम्मी वाट त्यांतच आहे. भारत स्टेज (सरकारी प्रदूषण-मानके) दोन आणि तीनच्या पेट्रोल मोटारींना, आणि आपली गाडी त्यांतलीच, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. म्हणजे आपली गाडी पहिल्या आकड्यावर अडली आहे, दुसऱ्यावर नाही. प्लग मिस होत असता, तर न जळलेले पेट्रोल बाहेर पडून हायड्रोकार्बन चढले असते. नुसता मोनॉक्साइड चढतो तेव्हा इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळत असते, आणि ॲव्हरेज उतरणेही त्याच्याशी जुळते.

माझा पहिला संशय त्या उन्हाळ्यातल्या कामावर आहे. इंजिन तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकायचा, ही आपल्याकडच्या अनेक गॅरेजांची जुनी सवय आहे. त्याने तापणे थांबते, परंतु कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहिल्यामुळे इंजिन ८०-९० अंशांपर्यंत पोचतच नाही, आणि आपण अजून थंडच आहोत अशा समजुतीने ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) पेट्रोल वाढवून देत राहतो. मोकळ्या हायवेवर वीस मिनिटे चालवूनही टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेच्या खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे असे समजावे. हा पार्ट कन्व्हर्टरच्या मानाने अगदी स्वस्त आहे. तो बसवताना कूलंट बदलावे आणि मूळ तापण्याचे कारण, म्हणजे रेडिएटर, पंखा व त्याचा स्विच, तपासून घ्यावे. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट पुन्हा काढला जाईल.

काटा नीट चढत असेल, तर एअर फिल्टर पाहून गाडी स्कॅनरला लावावी. इतक्या जुन्या गाडीशी बाजारातले स्वस्त ब्लूटूथ यंत्र बोलेलच असे नाही. गॅरेजचा चांगला स्कॅनर लागेल. त्यात कूलंटचे तापमान आणि ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून ईसीएमला कळवणाऱ्या भागाचा) व्होल्टेज पाहावा. गरम इंजिनावर हा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्यामध्ये भराभर खालीवर होत राहायला हवा. तो एका जागी थिजला असेल किंवा रेंगाळत असेल, तर सेन्सर थकला आहे. मात्र सेन्सर बदलण्यापूर्वी त्याच्या अलीकडचे, म्हणजे इंजिनाच्या बाजूचे, एक्झॉस्टचे गॅस्केट फुटलेले नाही ना, हे पाहावे. तिथून बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, भासते आणि ईसीएम विनाकारण पेट्रोल वाढवतो.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतील. प्लग काढून पाहावा : टोकावर कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे, ओला तेलकट थर असेल तर इंजिन ऑइल वर चढते आहे. मग डिपस्टिक ओढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर दुरुस्तीनंतर ऑइल बदलल्याशिवाय पुन्हा चाचणीला जाऊ नये, कारण त्यातली वाफ इंजिनातच परत ओढली जाऊन आकडा चढवते.

कन्व्हर्टर सर्वांत शेवटी. तो खराब झालेला असणे शक्य आहे. दीर्घकाळ जादा पेट्रोलवर चाललेल्या गाडीत तो जळतो किंवा निकामी होतो. परंतु कारण तसेच ठेवून नवा बसवलात तर त्याचीही तीच गत होईल, आणि त्यात पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू असल्यामुळे तो महाग असतो. गाडी थंड असताना त्यावर हाताने ठोकून पाहावे. आत खडखड वाजली तर जाळी फुटली आहे.

चाचणीला जाताना गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून न्यावी, रांगेत फार वेळ बंद ठेवू नये आणि एसी बंद करावा. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, त्यामुळे चांगली गाडीही नापास होऊ शकते.

गाडी न नेता मिळणारे प्रमाणपत्र कृपया घेऊ नका. ते खोटे तर आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा वायू विषारी आहे. एक्झॉस्ट गळत असेल तर तो केबिनमध्ये आपल्याच माणसांच्या श्वासात येतो. वाया जाणारे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन रिंगा झिजवते, ते वेगळेच.

थर्मोस्टॅट आणि सेन्सर ठीक झाल्यावरही आकडा ०.५ च्या वर राहिला, तर कन्व्हर्टर बदलावा, आणि त्या वेळी जुना पार्ट परत मागून घ्यावा.